मोटारीखालची जमीन

अबू धाबी शहराच्या पश्चिमेस समुद्रकाठाने जो सपाट, करडा-पांढरा, ओसाड प्रदेश सौदी सरहद्दीकडे पसरत जातो, त्यास अरबी भाषेत सबखा म्हणतात. आणि १९६० नंतरच्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील डग्लस शियरमन, ग्रॅहॅम इव्हान्स प्रभृती संशोधकांनी येथे खणून जे पाहिले, त्यामुळे या उजाड क्षारभूमीला भूशास्त्राच्या ग्रंथांत कायमचे स्थान मिळाले. जे अनहायड्राइट तोवर मुख्यतः अतिप्राचीन खडकांच्या थरांतूनच ठाऊक होते, ते येथील वाळूत जिप्समसह वर्तमानकाळी तयार होत होते. त्याची रीत अशी की, आखाताचे खारे पाणी भूमीत मुरलेले असते, त्याची पातळी कित्येक ठिकाणी पृष्ठभागापासून जेमतेम मीटर-दीड मीटर खाली असते, वरून सूर्य अविश्रांत तापत असतो, आणि समईतील वात जसे तेल वर ओढून घेते तसे वाळूच्या कणांमधील सूक्ष्म वाटांनी हे पाणी वर ओढले जाते. पृष्ठाशी पोचताच त्याची वाफ होऊन ती उडून जाते, पण पाण्याबरोबर वर आलेले मीठ मात्र मागेच राहते आणि वर्षानुवर्षे साचत जाते.

दुबई, शारजा, अबू धाबी, उम्म अल कुवैन यांसारख्या नगरांच्या किनारी वस्त्या ज्या भूमीवर उभ्या आहेत, तिचा पुष्कळसा भाग अशाच क्षारयुक्त वाळूचा आहे, ही गोष्ट ध्यानात घेतल्याखेरीज येथील व्हिलांच्या गॅरेजची जमीन का बिघडते आणि ती कशी राखावी, याचा उलगडा होणे नाही. आपल्या मराठी कुटुंबांपैकी जी वीस-वीस, तीस-तीस वर्षे या देशात नांदली आणि सदनिका सोडून स्वतंत्र व्हिलेत राहावयास गेली, त्यांना हा अनुभव नवा नाही: मोठ्या हौसेने गॅरेजमध्ये गुळगुळीत, चकचकीत रंगाचा लेप करवून घ्यावा, आणि दुसऱ्या उन्हाळ्याच्या आतच त्यास फोड यावेत, टायरांच्या जागी पोपडे निघावेत, भिंतीच्या कडेने पांढरा लोणा फुलावा. मक्तेदार म्हणतो रंग हलका होता, रंगाचा दुकानदार म्हणतो मिस्त्री कच्चा होता. आणि दोघेही वरच्या बाजूस पाहत असतात. माझे म्हणणे असे आहे की, या देशात जमिनीचे खरे रक्षण खालून सुरू होते, आणि वर कोणता लेप द्यावा किंवा मुळी लेप द्यावाच की नाही, याचा निर्णय खालची ओल देते.

काँक्रीट बाहेरून कितीही घट्ट भासले तरी ते सच्छिद्र असते. सिमेंट आणि पाणी यांच्या संयोगातून एक चिवट सिलिकेटयुक्त पदार्थ बनतो, तोच खडी आणि वाळू यांना बांधून ठेवतो. परंतु या रासायनिक क्रियेस जितके पाणी लागते त्याहून अधिक पाणी कामाच्या सोयीसाठी घालावे लागते, आणि हे अधिकचे पाणी निघून गेल्यावर त्याने व्यापिलेली जागा केशवाहिन्यांच्या रूपाने रिकामी राहते. या वाहिन्या एकमेकींस जोडलेल्या राहतात की मध्येच खुंटतात, यावर त्या काँक्रीटचे सारे भवितव्य ठरते. अमेरिकेतील पोर्टलँड सिमेंट असोसिएशनमधील टी. सी. पॉवर्स आणि त्यांचे सहकारी यांनी १९५९ साली या प्रश्नाचे जे कोष्टक प्रसिद्ध केले, ते आजही उद्बोधक वाटते: पाणी आणि सिमेंट यांचे वजनी प्रमाण ०.४० असेल, तर काँक्रीट ओले राखल्यास सुमारे तीन दिवसांत या वाहिन्या खुंटतात, ०.४५ असेल तर सात दिवसांत, ०.५० असल्यास चौदा दिवसांत, ०.६० असल्यास सहा महिने लागतात, ०.७० असल्यास वर्ष. आणि त्याहूनही पाणी अधिक असेल, तर कितीही काळ पाणी मारीत राहिले तरी त्या कधीच बंद होत नाहीत. व्हिलेच्या बांधकामात गॅरेजचा स्लॅब हे अगदी शेवटचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम असते. फावडे सहज चालावे म्हणून गवंडी ट्रान्झिट मिक्सरमध्ये पाण्याचा पाइप सोडतो, आणि त्या दोन मिनिटांत पुढील वीस वर्षांचे नुकसान होऊन जाते.

आखाती देशांतील काँक्रीटचा पूर्वेतिहास या दृष्टीने मोठा बोधप्रद आहे. तेलाचा पैसा येण्यापूर्वी येथील घरे प्रवाळाचा दगड, जिप्समचा गिलावा, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेले खारफुटीचे वासे आणि खजुराच्या झावळ्या यांची असत. दुबईच्या अल फहिदी भागात त्यांचे नमुने अद्याप जतन केलेले आहेत. पुढे १९६० आणि १९७० च्या दशकांत बंदरे, इस्पितळे, कचेऱ्या आणि वसाहती यांची एकच घाई उडाली, आणि समशीतोष्ण इंग्लंडात रूढ असलेले नियम जसेच्या तसे या प्रदेशात लागू करण्यात आले. किनाऱ्यावरील खारी वाळू आणि मचूळ पाणी मिश्रणात गेले, भर उन्हात काँक्रीट ओतले गेले, आणि त्यास पुरेसे पाणी मारण्याची तजवीज झाली नाही. परिणामी कित्येक इमारतींच्या लोखंडी सळया काही थोड्या वर्षांतच गंजून काँक्रीटचे ढलपे सुटू लागले. ब्रिटिश भूशास्त्रज्ञ पीटर फूक्स आणि त्यांचे सहकारी कॉलिस यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास या रोगाचे निदान लेखमालेच्या रूपाने मांडले, आणि १९८४ साली 'सिरिया' या ब्रिटिश संशोधन संस्थेने आखातातील काँक्रीट बांधकामासाठी स्वतंत्र मार्गदर्शिकाच प्रसिद्ध केली.

रोगाचे मूळ क्लोराइडात असते. ताज्या काँक्रीटचा अंतर्भाग अत्यंत अल्कधर्मी असल्यामुळे लोखंडावर एक अतिसूक्ष्म संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. मिठातील क्लोराइड त्या पापुद्र्यास भेदते, गंज सुरू होतो, आणि गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्याने तो आतून काँक्रीट फोडतो. आपल्याकडेही हे संकट अपरिचित नाही. १९७० च्या सुमारास बांधलेला पणजीचा मांडवीवरील पूल १९८६ च्या जुलै महिन्यात कोसळला तो आतील पूर्वताणित तारा गंजल्यामुळेच, आणि ठाण्याच्या खाडीवरील वाशीचा पहिला पूलही अशाच व्याधीने अकाली जर्जर झाला. मात्र आखाताचे पाणी अरबी समुद्राहून अधिक खारट, कारण बाष्पीभवन प्रचंड आणि नद्यांचे गोडे पाणी अत्यल्प. जगातील महासागरांत हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार असतात, तर येथे ते ४० च्या वर जातात. त्यातही भूमीतील पाणी समुद्राहून खारट. बुर्ज खलिफाच्या पायाखालील भूजलात क्लोराइडचे प्रमाण साडेचार टक्क्यांपर्यंत आणि सल्फेटचे ०.६ टक्क्यांपर्यंत आढळले होते, आणि म्हणून त्या पायासाठी अत्यंत घट्ट काँक्रीट, जलरोधक आवरण, गंजरोधक द्रव्य आणि टायटॅनियमच्या जाळीतून विद्युत्प्रवाह खेळवून सळया सुरक्षित राखण्याची योजना, असा चौपदरी बंदोबस्त करण्यात आला. आपल्या गॅरेजला यांतील काहीच लाभत नाही, पण भूजल मात्र त्याच जातीचे असते.

सल्फेटाचे भय वाटून एके काळी येथे सरसकट सल्फेटरोधक सिमेंट वापरण्याचा प्रघात पडला होता. त्यात पुढे असे दिसून आले की, ज्या ॲल्युमिनेट घटकाचे प्रमाण कमी करून हे सिमेंट सल्फेटास तोंड देते, तोच घटक क्लोराइडास काही अंशी बांधून ठेवीत असतो. म्हणजे एका शत्रूस दार बंद करताना दुसऱ्यास उघडे राहिले. आता पायाच्या कामात लोखंडाच्या झोतभट्टीतील दळलेली मळी सिमेंटमध्ये मोठ्या प्रमाणात मिसळतात, त्यामुळे केशवाहिन्या बारीक होतात आणि दोन्ही क्षारांचा शिरकाव मंदावतो. खडी फुजैरा आणि रास अल खैमाच्या डोंगरांतून येते, फुजैराकडील गॅब्रो आणि रास अल खैमाचा चुनखडक, दोन्ही उत्तम. तेव्हा आजच्या अमिरातीत चांगल्या काँक्रीटचे साहित्य दुर्मिळ राहिलेले नाही, उणीव राहते ती देखरेखीची.

ज्यांचे घर अद्याप बांधावयाचे आहे, त्यांनी तीन गोष्टींविषयी हट्ट धरावा असे मी आवर्जून सांगेन. पहिली आणि सर्वांत स्वस्त गोष्ट म्हणजे स्लॅबखाली १००० गेजची पॉलिथिनची चादर, जोडांवर नीट चढवून आणि चिकटपट्टी लावून, पीसीसीच्या, म्हणजे सळयांविना साध्या काँक्रीटच्या, थरावर अंथरलेली. हिचा खर्च साऱ्या कामाच्या मानाने नगण्य असतो, पण एकदा स्लॅब ओतून झाला की ती नंतर घालण्याचा मार्ग जगात कोणापाशीही नाही. सळया बांधणारे कामगार तीवरून चालताना ती फाडतात, म्हणून ओतण्यापूर्वी मालकाने स्वतः जाऊन ती पाहावी. दुसरी गोष्ट ओतण्याच्या वेळेची. दर चौरस मीटरमागे तासाला एक किलोहून अधिक पाणी वाफ होऊन जाऊ लागले की ओल्या काँक्रीटवर तडे पडतात, हा अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटने सांगितलेला धोक्याचा इशारा आहे, आणि अमिरातीच्या कोरड्या वाऱ्याच्या उन्हाळी दुपारी ती मर्यादा ओलांडली जाणे अगदी सहज आहे. म्हणून येथे बर्फ घातलेले काँक्रीट रात्री ओततात. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम घेण्यास सरकारी मनाई आहे ती कामगारांच्या जिवासाठी, आणि ती सर्वथा योग्य आहे. काँक्रीटच्या प्रकृतीसही तीच वेळ प्रतिकूल असते. तिसरी गोष्ट पाणी मारण्याची: गोणपाट भिजवून, वर प्लास्टिक झाकून, निदान सात दिवस, आणि तेही गोड्या पाण्याने.

उतार दाराच्या दिशेने मीटरमागे एक ते दीड सेंटीमीटर असावा, आणि स्लॅबची जाडी शंभर मिलिमीटर असल्यास दर अडीच-तीन मीटरवर करवतीने जाडीच्या चतुर्थांशाइतकी खाच पाडावी, म्हणजे आकुंचनाचा तडा त्या खाचेतच नेमस्तपणे पडतो. उन्हाळ्यात ही खाच दुसऱ्या दिवसावर टाकता कामा नये. घोटाई यंत्राने करतात. ओल्या पृष्ठावर कठीण खनिजाची भुकटी पसरून ती घोटून घेतली, तर वरचा थर झिजेस फार चिवट होतो. आपल्या कोकणातील आणि देशावरील जुन्या घरांत कोबा घोटणारी माणसे तासन्तास गुडघ्यांवर बसून जे साधीत, तेच हे काम आहे, आणि त्यातील मर्मही तेच, की पृष्ठावर तरंगणारे पाणी जिरण्यापूर्वी घोटू नये.

आता जे बहुसंख्य वाचक तयार घरात, आणि बहुधा भाड्याच्या घरात राहतात, त्यांचा प्रश्न घेऊ. खाली चादर आहे की नाही हे त्यांना ठाऊक नसते, आणि ते सांगणारा कागद कोणाच्या दप्तरात सापडेल अशी आशाही नसते. तेव्हा जमिनीलाच विचारावे. सर्वांत साधी कसोटी म्हणजे सुमारे दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून निदान सोळा तास, आणि माझ्या मते तीन-चार दिवस, तसेच ठेवावे. काढल्यावर खाली दव दिसले किंवा काँक्रीटचा रंग काळवंडला, तर ओल वर येत आहे हे सिद्ध झाले. तथापि काही दिसले नाही म्हणजे ओल नाहीच असे मात्र सिद्ध होत नाही, कारण पृष्ठभाग कोरडा आणि गर्भ ओला ही स्थिती या हवेत नित्याची आहे. खात्रीचा मार्ग म्हणजे स्लॅबच्या जाडीच्या चाळीस टक्के खोलीपर्यंत भोक पाडून, त्यात आर्द्रतामापक बसवून, ते स्थिर झाल्यावर आकडा घेणे. चाळीस टक्केच का, तर वरून लेप दिल्यावर स्लॅबमधील ओल समान वाटली जाते आणि लेपाच्या पाठीशी जी आर्द्रता अखेरीस येऊन ठेपणार असते तिचा अंदाज त्या खोलीवर आधीच मिळतो. लेप बनवणारे कारखाने सामान्यतः ७५ ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान आपापली मर्यादा देतात. ही कसोटी केल्याशिवाय दर सांगणाऱ्या मक्तेदारास मी तरी काम देणार नाही.

ओल वर येत आहे असे ठरले, तर इपॉक्सीचा मोह सोडावा. आणि हे मी पूर्ण विचारांती लिहीत आहे, कारण बाजारात 'गॅरेज सुधारणे' याचा अर्थच इपॉक्सी असा झाला आहे. इपॉक्सी हे द्रव्य स्वतः मोठे गुणी आहे. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्टान आणि अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे स्वतंत्रपणे विकसित केलेले हे राळेसारखे द्रव्य, दोन घटक एकत्र येताच कठीण होते, काँक्रीटास विलक्षण घट्ट धरते, तेल आणि सौम्य आम्ले यांना दाद देत नाही. पण ते वाफेची वाट पूर्णपणे बंद करते. खालून येणारे क्षारयुक्त पाणी लेपाशी येऊन अडते, तेथे क्षारांचे प्रमाण वाढत जाते, त्या दाट द्रावणाकडे आणखी पाणी ओढले जाते, आणि हळूहळू लेपाखाली दाब साचून फोड उठतात. असा फोड सुईने टोचला तर आतून चिकट, क्षारयुक्त द्रव बाहेर येतो. हे सर्व सबख्यावर निसर्ग जे करतो त्याचेच रूप आहे, फरक इतकाच की तेथे वाफेस आकाश मोकळे असते.

अशा जमिनीस श्वास घेता येईल असेच उपचार करावेत. सोडियम किंवा लिथियमचे सिलिकेट पाण्यासारखे पातळ असते. ते काँक्रीटमध्ये मुरते, तेथील मोकळ्या चुन्याशी संयोग पावते, आणि सिमेंटचा जो बांधणारा पदार्थ मी वर सांगितला त्याचाच नवा अंश केशवाहिन्यांत तयार करते. पृष्ठभाग कठीण होतो, धूळ सुटणे थांबते, आणि वाफेस प्रतिबंध होत नाही. त्यावर हिऱ्याच्या चकत्यांनी क्रमाक्रमाने घासून झिलई आणली, तर ती जमीन दिसावयासही सुंदर दिसते. तेलाचे डाग मात्र तीत उतरू शकतात, म्हणून सिलेन किंवा सिलोक्झेनचे मुरणारे द्रव्य त्यावर द्यावे, जे छिद्रांच्या भिंतींना पाणी न चिकटण्याचा गुण देते आणि छिद्रे उघडीच ठेवते. दुसरा मार्ग इंटरलॉकचा: सिमेंटच्या विटा वाळूवर बसवलेल्या असल्याने खालची ओल सांध्यांतून निघून जाते, एखादी वीट खचली तर तेवढीच उचलून पुन्हा बसवता येते, आणि अमिरातीच्या अंगणांत हे काम उत्तम करणारे कारागीर सर्वत्र मिळतात. जाड पोर्सेलिनच्या टाइल्स अनेक जण बसवतात. त्या टिकतात, परंतु खाली पोकळ जागा राहिल्यास चाकाच्या भाराने तडकतात, आणि ओल्या टायरखाली फार निसरड्या होतात.

खाली चादर असल्याची खात्री आहे, आर्द्रतेचा आकडाही मर्यादेत आहे, असे भाग्य ज्यांचे असेल त्यांनी इपॉक्सी खुशाल करावी. पण तेथे आणखी दोन अडचणींशी गाठ पडते. शेख झायेद रस्त्यावरून भर उन्हाळ्यात तासभर धावून आलेल्या मोटारीचे टायर कढत असतात, आणि सामान्य तापमानास घट्ट होणारी इपॉक्सी साधारण पन्नास-साठ अंश सेल्सियसच्या पुढे नरम पडू लागते. टायर थंड होताना आकुंचन पावतो आणि नरम झालेल्या पातळ लेपास आपल्याबरोबर ओढून काढतो. दीड-दोनशे मायक्रॉनचा, पाण्यात मिसळणारा, डब्यातून काढून रोलरने फासण्याचा जो स्वस्त लेप हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, त्याचे नशीब बहुधा हेच असते. दोन-तीन मिलिमीटर जाडीचा, द्रावकविरहित आणि उष्णतेस टिकणारा प्रकार घ्यावा. दुसरी अडचण सूर्यप्रकाशाची: दाराजवळ जेथपर्यंत ऊन येते तेथपर्यंत इपॉक्सी पिवळी पडते आणि खडूसारखी होते. यासाठी वरचा हात ॲलिफॅटिक पॉलियुरेथेनचा किंवा पॉलिअस्पार्टिकचा देतात. पॉलियुरेथेनचे रसायन जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ मध्ये शोधले, आणि त्याच कुळातील पॉलिअस्पार्टिक पुष्कळ नंतर प्रचारात आले. ते काही तासांत वाळते आणि उन्हात रंग सोडत नाही. त्यावर थोडी क्वार्ट्झ वाळू अवश्य पेरून घ्यावी. टॉवरांच्या तळघरातील पार्किंगमध्ये गुळगुळीत लेपावर टायर जो किंचाळतो तो सर्वांनी ऐकलेलाच आहे, आणि तेथे ओल्या चपलेने वृद्ध माणूस घसरला तर हाड मोडल्याशिवाय राहत नाही.

लेपाचे यश निम्म्याहून अधिक पूर्वतयारीत असते. या कामी म्युरिॲटिक ॲसिड ओतून जमीन 'खरवडण्याची' पद्धत अद्याप प्रचारात आहे, तिला माझा स्पष्ट विरोध आहे. हे आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लच होय. काँक्रीटमधील चुन्याशी त्याचा संयोग होऊन कॅल्शियम क्लोराइड तयार होते, जे हवेतील ओल शोषून घेते आणि कितीही धुतले तरी पूर्णपणे निघत नाही. ज्या भूमीत क्लोराइडने आधीच मुक्काम ठोकला आहे तेथे आपण हाताने आणखी क्लोराइड पेरावे, हे शहाणपणाचे नव्हे. हिऱ्याच्या चकतीचे यंत्र किंवा पोलादी छर्रे मारणारे यंत्र वापरावे; त्याने पृष्ठावरील दुबळी साय निघून जाते आणि लेपास पकड मिळते. मात्र त्या धुळीत स्फटिकमय सिलिका असते, जिला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली मानवी कर्करोगाचे निश्चित कारण म्हणून नोंदले आहे आणि जी फुप्फुसांत कायमची घर करते. यंत्रास निर्वात धूळशोषक जोडलेला नसेल, कामगाराच्या तोंडावर योग्य मुखवटा नसेल, तर आपण मालक म्हणून ते काम थांबवले पाहिजे. दोन-चारशे दिरहम वाचावेत म्हणून केरळ, बिहार किंवा पेशावरकडील एखाद्या तरुणाच्या छातीत ती धूळ जाऊ देण्याचा अधिकार आपणांस नाही.

वेळ निवडण्याची कला हा येथील कामाचा सर्वांत नाजूक भाग होय. काँक्रीट तापत असताना, म्हणजे सकाळी, लेप दिला तर छिद्रांतील हवा प्रसरण पावून बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येते आणि लेपात टाचणीएवढी भोके ठेवून जाते. तीच क्रिया काँक्रीट निवत असताना, म्हणजे दुपार कलल्यावर, केली तर हवा आत ओढली जाते आणि लेपही तिच्यामागोमाग मुरतो. परंतु रात्र होईतो थांबावे तर दवाची भीती. काँक्रीटचे तापमान दवबिंदूच्या निदान तीन अंश वर असले पाहिजे असा नियम आहे, आणि या आखाताच्या काठी दवबिंदू किती चढतो याची कल्पना यावी म्हणून सांगतो की, सौदी अरबस्तानातील धहरान येथे ८ जुलै २००३ रोजी तो ३५ अंश सेल्सियस नोंदला गेला. अशा हवेत निवलेल्या जमिनीस अक्षरशः घाम फुटतो, आणि त्या घामावर फासलेला लेप धरत नाही. शिवाय दर दहा अंश उष्णतेमागे मिसळलेली इपॉक्सी वापरण्याची मुदत सुमारे निम्मी होते. पंचवीस अंशांवर अर्धा तास मिळत असेल तर पस्तीस अंशांवर पाव तासच उरतो, आणि बादलीतच तिचा दगड होतो. या साऱ्याचा मेळ घातला तर नोव्हेंबर ते मार्च हाच योग्य हंगाम ठरतो, आणि त्यातही दुपारी तीन-चारचा सुमार; धुक्याची लक्षणे असतील तो दिवस टाळावा.

तड्यांविषयी थोडक्यात: जो तडा वर्षभर वाढत नाही तो कडक राळेने भरावा, आणि जो उन्हाळ्या-हिवाळ्यात उघडमीट करतो त्यास, तसेच करवतीच्या खाचांना, लवचिक पॉलियुरेथेनच द्यावे, चालत्या सांध्यावर कडक लेप सलग ओढला तर तो त्या रेषेवर पुन्हा तडकणार हे निश्चित समजावे.

पुढील निगा साधी आहे, पण या देशाची स्वतःची आहे. दमट दिवसांत मोटार उभी केल्यावर तिच्या एअर-कंडिशनरमधून जे पाणी ठिबकते, ते जवळजवळ ऊर्ध्वपातित असल्याने चुना विरघळवण्याची त्यास ओढ असते. एकाच जागी वर्षानुवर्षे ठिबकले की उघड्या काँक्रीटवर तेथे खरखरीत डाग उमटतो, सबब खाली एक रबरी चटई किंवा ताट ठेवावे. शमाल वाऱ्याने आलेली बारीक वाळू टायरखाली कानसेप्रमाणे काम करते, ती रोज झाडावी. तेल सांडले तर लगेच कोरड्या भुकटीने टिपून मग क्षारीय साबणाने धुवावे. ब्रेकचे तेल आणि बॅटरीचे आम्ल यांना मात्र क्षणभरही थारा देऊ नये, कारण पहिले लेपास मऊ करते आणि दुसरे काँक्रीटच खाते.

भाडेकरूंनी काम काढण्यापूर्वी घरमालकाची लेखी संमती आणि वसाहतीच्या व्यवस्थापनाचा ना-हरकत दाखला घ्यावा, आणि मक्तेदाराशी जो करारनामा होईल त्यात पुढील तपशील बरहुकूम लिहून घ्यावा: आर्द्रतेचा मोजलेला आकडा आणि तो घेतल्याची तारीख, पृष्ठतयारीची पद्धत, कोरड्या लेपाची जाडी, आणि लेप किती बळाने चिकटला आहे हे पाहण्याची ओढ-कसोटी, जिच्यात दर चौरस मिलिमीटरला दीड न्यूटनपेक्षा कमी पकड मान्य करू नये.

१६ एप्रिल २०२४ रोजी अमिरातीत जो पाऊस झाला, तो १९४९ पासूनच्या नोंदींतील सर्वाधिक ठरला. अल ऐनजवळील खत्म अल शकला येथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाणी पडले, आणि अनेक वस्त्यांतील गॅरेजे पाण्याखाली गेली. पाणी उपसून झाल्यावर अशा जमिनी लवकरच वरून कोरड्या दिसू लागतात, आणि नेमकी हीच वेळ फसवी असते, कारण स्लॅब आणि त्याखालची वाळू दोन्ही तुडुंब भिजलेली असून भूजलही वर चढलेले असते. नवे काँक्रीट दर इंच जाडीस सुमारे महिनाभर वाळू द्यावे असा ढोबळ हिशेब आहे. पुरात भिजलेल्या स्लॅबला, खाली चादर नसल्यास, हा हिशेबही लागू पडत नाही, तेथे आर्द्रतामापकाचा आकडा लागोपाठ दोन-तीन महिने एकाच जागी स्थिर राहीपर्यंत नव्या लेपाचा बयाणा देऊ नये. तोवर सुटलेला जुना लेप खरवडून काढावा, वर आलेला लोणा कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत भरून बाहेर टाकावा (पाण्याने धुतल्यास तो पुन्हा आतच मुरतो), आणि दिवसाचे काही तास गॅरेजचे दार उघडे ठेवावे.